आईचं काम

"हात आणखी जोरात हलव," मुळीक सर म्हणाले, आणि केतकीनं हलवले.

मी कॉलेजच्या हॉलच्या डाव्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर संहिता मांडीवर घेऊन बसले होते. प्रॉम्प्टिंग माझ्याकडे होतं. कुणी वाक्य विसरलं की ते हळू आवाजात सांगायचं, एवढंच. संहिता मी उघडत नसे. सगळ्यांची सगळी वाक्यं मला पहिल्या चार दिवसांतच पाठ झाली होती.

केतकी इनामदार मधोमध बसून रडत होती आणि दोन्ही हात मनगटापासून सैल सोडून खांद्याच्या उंचीवर भराभर हलवत होती. ते हात माझे होते.

हे कळायला मला दोन दिवस लागले. मी स्वतःला कधी बाहेरून पाहिलंच नव्हतं. सुप्रिया नावाची मुलगी नाटकात आईचं काम करायची. केतकीचे हात सुरू झाले की ती माझ्याकडे बघायची आणि लगेच मान खाली घालायची, त्यावरून मला संशय आला. मग घरी आरशासमोर उभी राहून मी हात हलवून पाहिले. तेच. डावा हात उजव्यापेक्षा थोडा खाली, तेसुद्धा.

याला आता वीस वर्षं होतील. मी इचलकरंजीत बारावीला होते. दहा वर्षांची असताना पुण्याच्या एका डॉक्टरांनी माझ्यासाठी 'स्वमग्न' हा शब्द सांगितला होता, आणि तेव्हापासून आमच्या नातेवाइकांत तो शब्द मी खोलीत असतानाच, पण मला ऐकू येत नसल्यासारखा, वापरला जायचा. मुळीक सर विमा कार्यालयात नोकरीला होते, आमच्या कॉलेजचे जुने विद्यार्थी. दर वर्षी सांगलीच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी एकांकिका बसवायचे. त्या वर्षी त्यांनी स्वतःच लिहिली होती. एक स्वमग्न मुलगी आणि तिची आई. केतकी मुलगी, सुप्रिया आई.

मी तिथं टिकले होते त्याचं कारण वेगळं होतं. लहानपणापासून मला सगळे सांगत आले होते, इकडं बघ, आता बोल, आता गप्प बस, हसायचं नाही, इतकी जवळ उभी राहू नकोस. तालमीत सर सगळ्यांनाच तसं सांगायचे. "केतकी, या वाक्यावर तिच्याकडं बघ. सुप्रिया, दोन पावलं मागं, थांब, आता बोल." आणि त्या हुशार मुलींनाही ते पुन्हा पुन्हा सांगावं लागायचं. मला ते बघताना फार बरं वाटायचं.

"सुप्रिया, ये," सर म्हणाले. "मुलीला जवळ घे आणि रड."

सुप्रिया आली, केतकीला जवळ घेतलं आणि रडली. "देवा, माझ्या पोरीच्या नशिबी हे का लिहिलंस?" हे तिचं वाक्य. हुंदक्यामुळं 'नशिबी' ऐकूच आलं नाही.

"पुन्हा."

पुन्हा झालं. पाच वेळा झालं. सहाव्या वेळी ती रडायला लागली आणि मी कोपऱ्यातून म्हणाले, "आई रडत नाही."

सर वळले. "काय?"

"आई रडत नाही. तिला वेळ नसतो."

"म्हणजे?"

आता मला समजावून सांगायचं होतं, आणि तेच मला जमत नाही. समजावायला लागले की माझी वाक्यं एकमेकांत अडकतात. म्हणून मी उठले आणि करून दाखवलं. तिथं नाटकातलं दप्तर होतं, केतकीच्या पायात शाळेचे बूट होते. मी दप्तर ओढलं, आत हात घातला आणि कुणाकडंही न बघता बोलायला लागले.

"मोजा कुठाय? एकच मोजा कसा? सात चाळीस झाले. बघ माझ्याकडं. बरं, बघू नकोस, नुसती ऐक. डबा संपवायचा. बाई ओरडल्या तर हात मांडीखाली घ्यायचे. हलवायचे नाहीत. मोजा कुठाय गं?"

मग मी गुडघ्यावर बसले, केतकीचा पाय ओढून तिच्या बुटाची नाडी बांधायला घेतली आणि नाडीकडंच बघत म्हणाले, "एक दिवस, फक्त एक दिवस मला कुणी आई म्हणून हाक मारू नये." गाठ मारली. "ऊठ आता. रिक्षा आली."

मी दप्तर ठेवून उभी राहिले.

ते वाक्य आईचं होतं. मी सातवीत असताना स्वयंपाकघरात ती मावशीला म्हणाली होती, आणि मी दाराशी उभी होते. मला राग आला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळपासून झोपेपर्यंत मी तिला एकदाही हाक मारली नाही. भूक लागली तर ताट वाजवलं. तिनं दोनदा माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

"हे वाक्य संहितेत नाही," सर म्हणाले.

"नाही."

"पुन्हा सांग."

मी सांगितलं. कुणी वाक्य विचारलं की सांगायची मला सवय लागली होती. सरांनी ते लिहून घेतलं आणि मग म्हणाले, "सुप्रिया, बघितलंस? अस्संच कर. मोजा शोधत बोल. नाडी बांधत हे वाक्य."

सुप्रियानं दप्तर ओढलं. "मोजा कुठाय?"

"ते माझं आहे!" मी ओरडले. माझा आवाज किती मोठा होता ते माझ्या घशाला नंतर कळलं. "आधी हात घेतले! आता आईपण घेतली!"

"वृंदा, शांत हो. हे बघ..."

"कुणी विचारलं मला? कुणी विचारलं?"

"अगं, आपण हे तुझ्यासारख्या मुलांसाठीच करतोय ना? लोकांना कळावं म्हणूनच ना?"

मी संहिता फेकली आणि बाहेर गेले. सायकल स्टँडच्या मागं भिंतीला पाठ टेकून बसले आणि डोकं गुडघ्यांत घातलं. अशा वेळी माणसं पाठीवरून हात फिरवतात आणि मला तो हात नको असतो. सुप्रिया आली तेव्हा मी सगळं अंग आवळून घेतलं. पण ती तीन-चार सायकली सोडून खाली बसली.

मग म्हणाली, "केतकीनं तुला हातांचं विचारलं नव्हतं?"

"नाही."

"मला वाटलं विचारलं असेल." थोड्या वेळानं म्हणाली, "मला ते काम जमत नाहीये. मला नुसतं रडता येतं. तू कर आईचं काम."

"सर देणार नाहीत."

"नाही देणार बहुतेक. पण माग तरी."

घरी आल्यावर मी आईला सांगितलं. ती कणीक मळत होती. ती नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. चाळीस मुलांचा आवाज ऐकून घरी यायची आणि मग घरामागच्या शेडमध्ये बाबांच्या यंत्रमागांचा खडखडाट असायचा.

"सोड ते नाटक," ती म्हणाली. "बारावी आहे. नाहीतर मी भेटते मुळीक सरांना."

"तू भेटू नकोस. तू आलीस की ते तुझ्याशीच बोलतात. मी शेजारी असले तरी."

"बरं. मग काय करणार आहेस?"

"मला काम मागायचंय. आईचं."

"कुणाच्या आईचं?"

"स्वमग्न मुलीच्या."

तिचे हात थांबले. "आणि ते तू कसं करणार? तुला काय माहीत?"

"मला सगळं माहीत आहे. मी तुला रोज बघते."

"तू?" ती म्हणाली. "तू मला कधी बघतेस? सतरा वर्षं मी म्हणतेय, बघ माझ्याकडं, बघ माझ्याकडं."

"तू बघ म्हणतेस तेव्हा नाही बघत. इतर वेळी बघते."

ती कणकेचा गोळा उगाच परत मळत राहिली. मग म्हणाली, "लोक हसले तर मला बघवणार नाही, वृंदा."

"मग येऊ नकोस."

हे मी चिडून म्हटलं नव्हतं. मला तो साधा उपाय वाटला होता. पण ती हात धुऊन मागच्या खोलीत निघून गेली, आणि त्या दिवशी पोळ्या मी केल्या.

दुसऱ्या दिवशी तालमीच्या आधी मी सरांसमोर जाऊन उभी राहिले. वाक्यं घरून पाठ करून आणली होती.

"सर, आईचं काम मला पाहिजे."

सरांनी उसासा टाकला. "हे बघ, काल तू छान केलंस. पण स्टेज वेगळं असतं. डोळ्यांवर लाइट, समोर पाचशे माणसं. मध्येच काही झालं, तू उठून गेलीस, तर? कॉलेजचं नाव असतं."

"काल मी स्टेजवरून गेले नाही. खुर्चीवरून गेले."

"तेच ते."

"तेच नाही. खुर्चीवर काय होणार ते मला माहीत नव्हतं. स्टेजवर कोण कधी काय बोलणार ते सगळं लिहिलेलं असतं. बाहेर कुठंच लिहिलेलं नसतं. बाहेर मी उठून जाते."

"वृंदा..."

"मग ते वाक्य काढा. मोजा काढा. नाडी काढा. आणि केतकीचे हात काढा."

मी पाठ केलेली वाक्यं इथं संपली. पाठीमागून सुप्रिया म्हणाली, "सर, द्या तिला. मी शेजारीण करते. शेजारणीला रडता येतं."

दोन-तीन जण हसले. सर हसले नाहीत. डोकं खाजवत म्हणाले, "आठ दिवस बघू. जमलं नाही तर परत सुप्रिया."

केतकी फणकाऱ्यानं माझ्याकडं आली. "आणि हात काढले तर मी काय करू? नुसती बसून राहू?"

"हात कर. पण तू चुकीच्या जागी करतेस. रडताना हलवतेस. मी आनंद झाला की हलवते."

ती माझ्याकडं बघत राहिली. "आनंद झाला की?"

"हो. रडायचं असलं की माझे हात हलत नाहीत. जड होतात."

तिनं सॉरी वगैरे म्हटलं नाही. पण नाटकातली मुलगी वाट्या मांडत बसते, त्या ओळीत नीट लागल्यावर तिनं त्या दिवशी पहिल्यांदा हात हलवले, आणि सर जागेवरून उठून उभे राहिले. त्यांनी प्रवेशाचा क्रमच बदलून टाकला.

ते आठ दिवस सोपे गेले नाहीत. सर म्हणायचे, "चेहऱ्यावर काहीतरी आण." काय आणायचं ते सांगायचे नाहीत. "आतून येऊ दे," म्हणायचे. मी विचारायचे, "आतून म्हणजे कुठल्या वाक्याला?" ते चिडायचे, मी चिडायचे. एकदा त्यांनी न विचारता माझी हनुवटी धरून चेहरा प्रेक्षकांकडं वळवला आणि मी इतक्या जोरात मागं सरकले की दप्तरावर पडले. त्यानंतर ते खडूनं जमिनीवर खूण करायला लागले आणि म्हणायला लागले, "नाक त्या खुणेकडं." ते मला जमायचं. जिथं काही सुचायचं नाही तिथं मी स्वतःला एकच विचारायचे, आई आत्ता काय करेल? उत्तर दर वेळी मिळायचं. आठ दिवस संपले, पण सुप्रियाला परत काम द्यायचं सरांनी नावही काढलं नाही.

स्पर्धेत आमची पाळी दुपारी दोनला होती. आई येणार नाही असंच मी धरलं होतं. पडदा उघडायच्या आधी सुप्रिया विंगेतून डोकावून म्हणाली, "तुझी आई आलीय. मागून चौथ्या रांगेत, कडेला." कडेला म्हणजे दाराजवळ. मला न्यायला लागलं तर पटकन उठता यावं म्हणून. मला राग आला. त्या रागातच मी स्टेजवर गेले, आणि तो उपयोगी पडला.

लाइट डोळ्यांवर आला. समोरचे चेहरे दिसेनासे झाले, हे मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं. पाचशे माणसं आणि एकाच्याही डोळ्यात बघायचं नाही. मी दप्तर ओढलं. "मोजा कुठाय?"

मोज्यावर लोक हसले. मग नाडी आली. मी ते वाक्य म्हणाले, आणि हसणं एकदम थांबलं. मागून चौथ्या रांगेत काय झालं असेल ते मला माहीत नव्हतं, आणि मी तिकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं.

शेवटच्या प्रवेशात केतकी वाट्या मांडत होती आणि मी तिच्याशेजारी बसून शाळेची वही तपासत होते. तेवढ्यात माइक किंचाळला. समोरच्या माइकमधून एक बारीक, धारदार शिट्टी निघाली आणि थांबेचना. कुणीतरी बाजूला धावलं, वायर ओढली, शिट्टी आणखी वाढली. लोकांनी कानांवर हात ठेवले. केतकी भूमिकेतून बाहेर आली आणि घाबरून विंगेकडं बघायला लागली.

असा आवाज मला कानात नाही, दातांत ऐकू येतो. मग मानेत, मग सगळ्या अंगात. तो सुरू झाला की मला दुसरं काही उरत नाही. माझे हात कानांकडं निघालेसुद्धा होते. हे संहितेत नव्हतं. आता मी उठून जाणार, सर म्हणाले होते तसंच होणार, आणि आई कडेच्या खुर्चीवरून उठणार.

आई आत्ता काय करेल?

लग्नाच्या वरातीत बँड जवळ आला की, दिवाळीत गल्लीत माळ लागली की, एसटीनं कानाजवळ हॉर्न दिला की, आई हातातलं जे असेल ते टाकून माझ्या दोन्ही कानांवर हात दाबून धरायची. पिशवी, भाजी, एकदा तर दुधाचं भांडं. आवाज संपेपर्यंत सोडायची नाही.

मी वही टाकली आणि केतकीच्या दोन्ही कानांवर हात दाबून धरले.

केतकी दचकली, आणि मग तिला कळलं. तिनं डोळे मिटले आणि डोकं माझ्या खांद्याला लावलं. शिट्टी चालूच होती. ती माझ्या उघड्या कानांतून सरळ आत जात होती आणि मला माझ्यासाठी हात उरले नव्हते. मी माझं पुढचं वाक्य ओरडून म्हटलं, त्याच्या पुढचंही म्हटलं. कधीतरी शिट्टी थांबली. मी हात काढले, वही उचलली, आणि जिथून सोडलं होतं तिथून तपासायला लागले.

पडदा पडल्यावर मी विंगेत जाऊन ओकले. केतकीनं पाणी आणून दिलं. सर काहीतरी बोलत होते, मला ते ऐकू येत नव्हतं.

संध्याकाळी परीक्षकांनी प्रत्येक एकांकिकेवर बोलायचं होतं. आमची पाळी आली तेव्हा एक परीक्षक म्हणाले, "विषय चांगला. मुलीचं काम करणारीनं बारीक निरीक्षण केलेलं दिसतं. आई मात्र कोरडी वाटली. मुलीचं इतकं दुःख, आणि आईच्या डोळ्यात पाणी नाही? भावना आणखी बाहेर यायला हव्या होत्या."

सर पुढच्या रांगेत मान हलवत लिहून घेत होते. मी उभी राहिले. हे पाठ केलेलं नव्हतं.

"सर," मी म्हणाले, "तुम्ही अशा किती आया बघितल्यात?"

हॉलमधले लोक मागं वळले. परीक्षक हसले. "म्हणजे?"

"सकाळी सात चाळीसला. बघितलीय का एक तरी? मी रोज बघते. मला स्वमग्नता आहे आणि मी आईचं काम केलंय. ती कोरडी नाही. तिला वेळ नसतो."

माझा आवाज सपाट होता. तो तसाच असतो. परीक्षकांनी माइक दुसऱ्या हातात घेतला, म्हणाले, "बरोबर असेल तुमचं," आणि पुढच्या एकांकिकेकडं वळले. मी उभीच होते, कारण त्यांनी प्रश्नाचं उत्तर दिलेलं नव्हतं. शेवटी सुप्रिया म्हणाली, "बस आता. झालं." मी बसले. आम्हाला बक्षीस मिळालं नाही. केतकीला उत्तेजनार्थ मिळालं.

बाकीचे जीपनं परत गेले. मी आणि आई सांगलीच्या स्टँडवर इचलकरंजीच्या गाडीची वाट बघत बसलो. सगळा वेळ मला तिच्याकडून काहीतरी ऐकायचं होतं. छान केलंस, निदान लोक हसले नाहीत, काहीही. ती नुसती पर्सचा बंद बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. त्या वाक्याबद्दल ती तेव्हा काही बोलली नाही. आजवर बोललेली नाही.

शेवटी मीच विचारलं, "आई, तू माझे कान धरायचीस तेव्हा तुला आवाजाचा त्रास व्हायचा नाही?"

"व्हायचा की," ती म्हणाली. "मला अजून होतो. आजही झाला. मला लहानपणापासून मोठा आवाज सहन होत नाही."

"मग तू तुझे कान का नाही झाकायचीस?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी फारच सोपी गोष्ट विचारली होती.

"हात दोनच होते," ती म्हणाली.

गाडी लागली. गर्दीत ती आधी वर चढली आणि खिडकीजवळच्या जागेवर तिनं पर्स टाकली. मी तिच्यामागून चढले. इंजिन सुरू झालं, पत्रे थरथरायला लागले, आणि ड्रायव्हरनं समोरच्या रिक्षावर लांब हॉर्न दिला. आईचे हात सवयीनं वर आले. माझे त्याच्या आधी पोचले होते, तिच्या कानांवर.